न मोजलेले मत

शंभर मीटर म्हणजे नेमके किती, हे दाखवण्यासाठी स्वतःची दोरी बाळगणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. काथ्याची, दर दहा मीटरला लाल चिंधी बांधलेली ती दोरी मतदानाच्या साहित्याच्या यादीत कुठेही नव्हती. सरकार मतपेटी देई, शाई देई, लाख, मेणबत्ती, शिक्के, गोंद देई. दोरी मात्र हे गृहस्थ रोह्याहून आपल्या पिशवीतून आणत. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करू नये, असा नियम आहे. बहुतेक केंद्राध्यक्ष हे अंतर नजरेने ठरवतात, आणि नजर गावातल्या वजनदार माणसाच्या टेबलापाशी पोचली की शंभर मीटर आपोआप भरतात. हे दोरी पसरत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोन निवडणुकांत मी त्यांच्या हाताखाली काम केले. ते रोह्याच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन पेणच्या शाळेत नुकतीच लागले होते, रामवाडीत खोली घेऊन राहत होते आणि संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करत होते. निवडणुकीचे काम म्हणजे माझ्या अभ्यासातून वजा होणारे तीन दिवस, इतकाच माझ्या लेखी त्याचा अर्थ होता. पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशी मी मांडीवर पुस्तक उघडून बसले होते. त्यांनी ते पाहिले आणि टपाली मतदानाचा अर्ज माझ्या पुस्तकाच्या उघड्या पानावर ठेवला. दुसऱ्याच्या बोटाला शाई लावणाऱ्याने आधी स्वतःच्या मताची सोय करावी, असे त्यांचे म्हणणे होते, आणि पथकातल्या प्रत्येकाचा अर्ज भरून झाल्याशिवाय ते चहाला उठले नाहीत.

पहिली निवडणूक कोलाडजवळच्या एका गावात होती. हिवाळा सरत आला होता, भाताच्या मोकळ्या खाचरांत वाल उभा होता. त्यांनी शाळेच्या पायरीपासून दोरी पसरली तेव्हा एका उमेदवाराचे टेबल शहाण्णव मीटरवर, चहाच्या टपरीच्या सावलीत निघाले. टेबलावरचा कार्यकर्ता हसला. साहेब, चार मीटरनं कुणी निवडणूक हरतो काय, असे त्याने विचारले. यांनी शांतपणे सांगितले की चार चालतात तर चाळीसही चालतील, आणि मग आपण ही दोरी कशाला आणली ते आपल्यालाच कळणार नाही. टपरीवाल्याने कंटाळून स्वतःच बाकडे उचलले आणि टेबल उन्हात गेले. दिवसभर त्या कार्यकर्त्याने यांच्याकडे पाहिले नाही, आणि ते यांच्या लक्षातही आले नाही.

मतदान सुरू होण्यापूर्वी मतपेटी रिकामी असल्याचे उमेदवारांच्या प्रतिनिधींना दाखवायचे असते. सगळे केंद्राध्यक्ष पेटी तिरकी करून दाखवतात. हे प्रत्येक प्रतिनिधीला पेटीत हात घालून तळ चाचपायला लावत. डोळ्यांवर जाऊ नका, असे म्हणत. मग स्वतः मतदानाच्या आडोशामागे जाऊन शिक्का हातात घेऊन उभे राहत, आणि आम्हां प्रत्येकाला विचारत की आपल्या खुर्चीवरून माझा हात दिसतो का. माझ्या खुर्चीवरून कोपर दिसत होते. त्यांनी आडोसा वीतभर सरकवला, पुन्हा उभे राहिले, पुन्हा विचारले. मला तेव्हा हा प्रकार हास्यास्पद वाटला. प्रयोगशाळेत उपकरणाचे शून्य तपासताना मी स्वतः याहून वेगळे काय करत होते, हा प्रश्न मला पडला नाही.

गावाचे ते काही खात नसत. सरपंचाच्या घरून आलेले पोहे त्यांनी हात जोडून परत पाठवले आणि आम्हांलाही खाऊ दिले नाहीत. पण गावाला सर्वांत विचित्र वाटे ते त्यांचे बोलणे. ज्या मुलखात परका माणूसही दोन वाक्यांत काका, मावशी किंवा गो-अरे होतो, तिथे ते प्रत्येक मतदाराला ‘आपण’ म्हणत. मतदानाच्या खोलीत त्यांनी नात्यांना बंदी केली होती. प्रतिनिधींपैकी कोणी ‘ये गो आये, इकडं ये’ असे म्हणाला की ते त्याला अडवत. नात्याने हाक मारली की माणूस नात्याच्या बाजूला झुकतो, असा त्यांचा सिद्धान्त होता. डोक्यावरची लाकडाची मोळी उतरवून आलेल्या म्हाताऱ्यांना ‘आपण या बाजूने आत जावे’ हे ऐकून हसू आवरत नसे.

तिथेच एक तगडा शेतकरी आपल्या आईला हाताला धरून घेऊन आला. तिला दिसत नाही, कळत नाही, तिचा शिक्का मीच मारतो, असे त्याने जाहीर केले. यांनी त्याच्याकडे न पाहता म्हातारीला विचारले, “आपल्याला दिसतं का?”

“दिसतंय की,” म्हातारी म्हणाली. “ह्याला मी दिसत नाय, ती गोष्ट वेगळी.”

ती एकटी आत गेली. मुलगा दारात उभा राहून पायाने जमीन उकरत होता.

संध्याकाळी मतदानाची वेळ संपताना रांगेत उभे असतील त्यांना चिठ्ठ्या देतात, आणि त्या रांगेच्या शेपटापासून पुढे वाटत यायच्या असतात, म्हणजे मागून कोणी घुसत नाही. हा नियम मी पुस्तकात वाचला होता. त्यांनी तो अमलात आणताना शेवटच्या माणसाला आधी नमस्कार केला आणि मग क्रमांक एकची चिठ्ठी दिली. परतीच्या जीपमध्ये मी कारण विचारले. ते म्हणाले, “दार लावताना पहिली काळजी शेवटच्याची घ्यायची असते.”

सव्वा वर्षाने, भर उन्हाळ्यात, दुसरी निवडणूक आली. या वेळी केंद्र पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावी होते. गावाभोवती मिठागरे, बायकापुरुष पहाटेपासून आगरात मीठ ओढायचे आणि सवड काढून मत द्यायला यायचे. पथकात माझ्याकडे शाईचे आणि मतपत्रिका देण्याचे काम होते. माझ्या टेबलाशेजारी त्यांनी एक घमेले, एक तांब्या आणि पंचा ठेवला, आणि प्रत्येक मतदाराचा डावा हात धुऊन, पुसून मगच शाई लावायला सांगितले. हे कोणत्या नियमात आहे, असे मी विचारले. तेलकट बोट पुसून घ्यावे असे लिहिले आहे, ते म्हणाले. खारट बोट लिहायचे राहिले आहे.

यामागचे रसायन माझ्या लगेच लक्षात आले. त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. ते कातडीत मुरते आणि उन्हात काळे पडते. बोटावर मिठाचा थर असेल तर चांदी त्या थरातच अडकते आणि खूण खपलीसारखी निघून जाते. मी त्यांना हे दोन वाक्यांत समजावले. त्यांनी नीट ऐकून घेतले. असेल, ते म्हणाले. मला एवढेच ठाऊक की मागे एकदा अशाच गावात दुपारी बोटे कोरी दिसली होती. कारण मला सापडले होते आणि त्यांच्याकडे नुसता अनुभव होता, याचे मला समाधान वाटले.

हात धुणे गावाला मुळीच आवडले नाही. त्या गावात गोडे पाणी लांबून आणावे लागे. “प्याला पानी नाय, न हे हात धुवत बसलेत,” असे बायका मोठ्याने एकमेकींना सांगत होत्या. हे पाणी रोह्याचे आहे, असे त्यांनी एका डब्याकडे बोट दाखवून सांगितले. तेवढ्यापुरते हसू झाले, पण रांग हळू सरकत होती. अकराच्या सुमारास ती शाळेच्या आवाराबाहेर, उन्हात गेली. त्याच वेळी एक जीप मतदार भरून थेट दारापर्यंत आली, आणि तिला शंभर मीटरपलीकडे घालवायला ते शिपायाला घेऊन बाहेर गेले. वाद वाढला. ते पाऊण तास परतले नाहीत.

त्या पाऊण तासात मी हात धुणे बंद केले. बोट पुढे आले की शाई, सही किंवा अंगठा, मतपत्रिका. रांग झपाट्याने ओसरली आणि मला स्वतःच्या कार्यक्षमतेचा अभिमान वाटला. ते आत आले तेव्हा त्यांनी पंच्याला हात लावला. पंचा कोरडा होता. किती जणांचे राहिले, असे त्यांनी विचारले. दहा-बारा असतील, मी म्हणाले. ते चाळीसच्या आसपास होते, आणि मला ते माहीत होते.

दोन वाजून गेल्यावर एक बाई आली. चाळिशीची असेल, नेसूचे वर खोचलेले, पायांवर मिठाचा पांढरा थर. यादी पाहणाऱ्या सहकाऱ्याने नाव वाचले, ठमाबाई, आणि थांबला. त्या नावाखाली आधीच रेघ मारलेली होती. त्याने सांगितले की हे मत झाले आहे.

“कुनाचा झाला?” ती म्हणाली. “मी तं आताच आयले आगरातनं.”

प्रतिनिधींच्या बाकावर तिघे जण होते. त्यातला तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, हसला. “सकाळी टाकून गेलीस ना गो? आता परत कशाला आयलीस? साहेब, ही बोट धुवून आयली. पोलिसाला सांगा.”

तिने डावा हात वर धरला. बोट कोरे होते.

“आगरात हात घातल्यावर काय राहतंय त्याच्यावर,” तो म्हणाला.

तो जे अडाणीपणाने म्हणत होता ते माझ्या रसायनाप्रमाणे अगदी बरोबर होते. सगळे हात धुतले असते तर कोरे बोट हा निर्विवाद पुरावा ठरला असता. मी चाळीस हात सोडल्यामुळे तो पुरावा उरला नव्हता. ही बाई खरी असेल तर तिच्या नावाने दुसरीच कोणी मत देऊन गेली होती. खोटी असेल तर दुसऱ्यांदा मत द्यायला आली होती आणि तो गुन्हा होता. शिपाई दारातच उभा होता.

ते उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्यासमोर ठेवली. “ठमाबाई, आपण बसा.” ती बसली नाही, मिठाच्या लुगड्याने खुर्ची खराब होईल असे तिला वाटले असावे. खातरजमेसाठी नवऱ्याचे नाव विचारायची पद्धत आहे. पण या गावांत बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत, आणि गप्प राहिली की बाई संशयित ठरते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी यादी हातात घेतली आणि तिच्या घराच्या उजवीकडे कोण राहते ते विचारले. तिने सांगितले. त्यापुढे? तिने सांगितले; कोणाची सून कोणत्या घरातून वेगळी झाली, कोणाचा मुलगा कंपनीत लागला म्हणून पेणला राहतो, हेही सांगितले. घरांच्या क्रमाने केलेल्या त्या यादीत त्यांचे बोट एकेका ओळीवरून खाली उतरत गेले. एकही नाव चुकले नाही. ती ठमाबाई होती, एवढे ठरले.

सकाळी ती आली नव्हती, हे ठरायचे होते. मतपत्रिका फाडून दिल्यावर पुस्तकात जो तुकडा उरतो, त्यावर मतदाराचा यादीतला क्रमांक लिहून सही किंवा अंगठा घेतलेला असतो. त्यांनी ते तुकडे चाळून तिचा क्रमांक काढला. अंगठा होता, आणि पुस्तकातल्या क्रमावरून तो त्या पाऊण तासातला दिसत होता. मग ते माझ्याजवळ आले आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, “या क्रमांकाचा हात धुतला होता?”

“नाही.”

“दहा-बारा म्हणाला होतात.”

“चाळीस,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. उपकरणावरचे वाचन नोंदवून घ्यावे तशी. “पाणी नुसतं शाईसाठी नव्हतं, मॅडम. धुताना हात बघितला जातो.”

यानंतर त्यांनी ठमाबाईचा अंगठा एका कोऱ्या कागदावर घेतला आणि दोन्ही कागद प्रतिनिधींच्या बाकावर शेजारी शेजारी ठेवले. तुकड्यावरच्या अंगठ्यात रेषा स्वच्छ होत्या, एकात एक वळलेल्या. ठमाबाईच्या अंगठ्याच्या जागी नुसता शाईचा डाग होता, आणि त्याला आडव्या दोन पांढऱ्या चिरा. खारे पाणी आणि मीठ ओढायची लाकडी फळी यांनी तिच्या अंगठ्यावर एकही रेष ठेवली नव्हती. बाकावरचा वयस्क प्रतिनिधी कागदांवर वाकला, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, “सकालची आगरातली नाय.”

“मग कोन होती ती?” तरुणाने विचारले.

“त्या आल्या तेव्हा मी बाहेर होतो,” ते म्हणाले. “आपण तिघेही इथेच होतात.”

शिपाई दारातून बाजूला झाला.

अशा वेळी नियम काय सांगतो ते त्यांनी तिला उभ्याने समजावले. तिला मतपत्रिका मिळेल. मतपत्रिकेच्या पाठीवर ‘प्रदत्त’ असे लिहिले जाईल. ती आडोशामागे शिक्का मारील, घडी घालील, पण ती घडी पेटीत जाणार नाही. वेगळ्या पाकिटात बंद होईल.

“मोजतील ना पन?” तिने विचारले.

मला वाटले, आता ते काहीतरी बरे वाटेल असे सांगतील. मी असते तर सांगितले असते.

“नाही,” ते म्हणाले. “मोजणार नाहीत.”

“मंग उन्हाची चालत कशाला आयले मी?”

“आपण आला होतात हे कागदावर राहील. तशाच परत गेलात, तर सकाळी जी आली तीच ठमाबाई राहील.”

तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. “माजा नाव तिला नाय द्याची मी,” असे म्हणून तिने मतपत्रिका घेतली आणि आडोशामागे गेली. ती तिथे इतका वेळ होती की रांगेतल्या बायका कुजबुजू लागल्या. बाहेर येऊन तिने घडी त्यांच्या हातात दिली. ती घेताना त्यांनी तोंड फळ्याकडे फिरवले होते. पाकीट बंद झाले, त्यावर लाख पडली. लाख थिजेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग आगराकडे चालू लागली. मीठ ओढायचे राहिले होते.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत त्यांनी सारे लिहिले आणि आम्हांला वाचून दाखवले. वाक्य असे होते: केंद्राध्यक्ष पाऊण तास खोलीबाहेर असताना सुमारे चाळीस मतदारांचे हात न पाहता शाई लावली गेली. माझे नाव त्यात नव्हते. ते घालावे, असे मी म्हणाले. म्हणताना माझ्या मनात शाळेतली कायम नेमणूक आणि प्रवेशपरीक्षेसाठी लागणारे शिफारसपत्र दोन्ही होती, हे लपवत नाही. मी बाहेर गेलो होतो हे आधी यायला हवे, एवढेच ते म्हणाले, आणि वही मिटली. पुढे त्यांना लेखी विचारणा झाली ती खोट्या मतदानाबद्दल नव्हे. मतदारांना कोणत्या नियमान्वये हात धुवायला लावले, याबद्दल. त्यांनी काय उत्तर दिले ते मला कळले नाही. त्यानंतरच्या निवडणुकीत त्यांचे नाव कोणत्याच पथकात नव्हते. मीही पेण सोडले. मी ज्या विषयात काम करते तिथे नमुना हातात घेण्याआधी तो नीट पाहावा लागतो. विद्यार्थ्यांना हे सांगताना कारण मात्र मी सांगत नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पेणला साहित्य जमा करायला पोचलो तेव्हा काउंटरसमोर पथकांची रांग लागली होती. सगळे घामेजलेले, सगळ्यांना घरी जायचे होते. पावती लिहिणारा कारकून वर न पाहता लिहीत होता. पेटी एक, दैनंदिनी एक, प्रदत्त मते निरंक. त्याची लेखणी सवयीने चालत होती. यांनी त्याला थांबवले आणि ते पाकीट पुढे ठेवले.

कारकुनाने पाकीट हातात घेऊन त्याचे वजन पाहिल्यासारखे केले. एखादे तर असेल, तो म्हणाला. मोजायचे नाहीच, शिवाय त्याचे वेगळे तक्ते भरावे लागतात. निरंक राहू दे, समजा रिकामेच आहे. मागच्या पथकांतून दोघातिघांनी त्याला दुजोरा दिला. रोह्याची शेवटची गाडी चुकेल तुमची, असेही कोणी म्हणाले.

“रिकामं नाही ते,” यांनी सांगितले. “आत एक बाई आहे.”

रांगेत कोणी तरी हसले, आणि हसणे अर्ध्यावर थांबले. कारकुनाने प्रथमच मान वर केली. त्याने ‘निरंक’ खोडले, आकड्यात आणि अक्षरात ‘एक’ लिहिले, आणि पावती पुढे सरकवली. खोडलेल्या जागी त्याची सही होईपर्यंत ते काउंटरवरून हलले नाहीत.